जप्तीवाल्याचा चहा

इंग्लंडमधल्या बार्न्झली गावी क्लेरमंट स्ट्रीटवरच्या सतरा नंबरच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला होता. त्यावर गेनरने लाल मार्करने लिहिलं होतं, ‘आई, उघडू नकोस.’ आणि आईचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे खाली आणखी एक ओळ वाढवली होती, ‘पाऊस असला तरी.’

गेनरची आई बेरिल क्लेग यांनी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं. समोर कुणी उभं राहिलं की हातात पळी आलीच पाहिजे, अशी त्या हाताला सवय लागलेली. निवृत्त झाल्यावर रांगच संपली, तेव्हा त्यांनी दारात येईल त्याला धरायला सुरुवात केली. गॅसचं मीटर वाचायला येणारा पोरगा त्यांच्याकडे जेवायला बोलावल्यासारखा वेळ काढून यायचा. देवाचा निरोप घेऊन आलेली दोन माणसं दोन तास बसली, निरोप सांगायचा राहूनच गेला, आणि जाताना त्यातला एक स्वेटरची वीण लिहून घेऊन गेला. खिडक्या विकायला आलेल्याचा खोकला त्यांनी बरा करून पाठवला. खिडकी घेतली नाही ती नाहीच.

हा सगळा गोतावळा एरवी गेनरला चालायचा. पण ग्लेनच्या थकलेल्या दंडाचं प्रकरण निघालं आणि दाराचा कायदा बदलला.

ग्लेन डकवर्थ हा गेनरबरोबर नऊ वर्षं राहिला. लग्न केलं नाही. बेरिलबाईंनी विचारलं की म्हणायचा, ‘कागदावर काय आहे, बेरिल?’ कागदावर काय काय असतं ते तो गेल्यावर कळलं. त्याला व्हॅन कुठेही उभी करायची खोड होती. दवाखान्यासमोर, चर्चसमोर, एकदा तर अग्निशामक दलाच्या फाटकासमोर. दंडाच्या पावत्या तो व्हॅनच्या खणात कोंबायचा. तीन वर्षांपूर्वी तो समुद्रकाठच्या स्केग्नेसला एका बाईच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला गेला. व्हॅन घेऊन गेला, पावत्याही घेऊन गेला, पत्ता मात्र सतरा नंबरचाच ठेवून गेला. मग पत्रं यायला लागली. गेनर प्रत्येक पत्रावर ‘हा माणूस इथे राहत नाही’ असं लिहून परत पाठवायची. पत्रांचा रंग आधी पांढरा होता, मग पिवळा झाला, शेवटी लाल. लाल पत्रात लिहिलं होतं की आता बेलिफ येईल आणि सामान जप्त करील.

गेनर सल्ला केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. बेलिफला पहिल्या खेपेला दार ढकलून आत येता येत नाही. खिडकीतून चढता येत नाही. घरातल्या कुणी आपणहून आत घेतलं, तरच तो येऊ शकतो. पण एकदा का आला, की ग्लेनची म्हणून सापडेल त्या वस्तूची यादी करतो, आणि मग पुढच्या वेळी कुलूप फोडूनही येऊ शकतो.

“म्हणजे आपण ‘या’ म्हटलं की संपलं,” गेनरने घरी येऊन सांगितलं. “आई, ऐकतेस ना?”

“ऐकतेय गं.”

“तो म्हणेल एक मिनिटासाठी फक्त. तो म्हणेल बाथरूमला जायचंय.”

“बाथरूमला पण नाही?” बेरिलबाईंचा चेहरा पडला.

“आई!”

तेव्हा तो कागद दाराला लागला.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी गेनर बस चालवायला गेलेली होती. ती गावातल्या बावीस नंबरच्या बसवर ड्रायव्हर आहे. बाहेर पाऊस आणि बर्फ यांचं काहीतरी मधलंच पडत होतं. दारावर तीन टकटक झाल्या. बेरिलबाईंनी कागद वाचला. मग पत्रं टाकायच्या फटीतून वाकून पाहिलं. काळी पँट दिसली, आणि पँटीखाली पार भिजून काळे पडलेले बूट.

“कोण आहे?”

“मी कीथ होल्रॉइड. बेलिफ. मिस्टर डकवर्थ यांच्याबद्दल आलोय.”

“तो इथे राहत नाही. मेला असेल तर बरं.”

“बरं,” होल्रॉइड म्हणाला. मग तो शिंकला. नुसता एकदा नाही, एकामागून एक चार वेळा.

बेरिलबाईंनी डोळे मिटून घेतले. समोरच्या घरातली शीला पडद्याआडून बघत असणार, हे त्यांना डोळे मिटूनही दिसत होतं. म्हातारा होत आलेला माणूस दारात भिजतोय, शिंकतोय, आणि आतून बाई फटीतून बोलतेय! शीला हे चर्चपर्यंत नेणार. बेरिलबाईंनी कागद पुन्हा वाचला. ‘पाऊस असला तरी.’ शिंकांबद्दल त्यावर काही नव्हतं.

“पाय पूस नीट, राजा,” त्या दार उघडत म्हणाल्या. “आणि कोट तिकडे टाक, हीटरवर.”

होल्रॉइड क्षणभर उंबऱ्यावरच थांबला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर कुत्री सोडली होती, वरून पाणी ओतलं होतं, एकदा कुणीतरी लसणीचा पाव फेकून मारला होता. कोट कुठे टाकायचा ते कुणी सांगितलं नव्हतं.

“बाई, मी सांगायला हवं, माझ्या छातीवर कॅमेरा आहे. सगळं रेकॉर्ड होतंय.”

“अगं बाई!” म्हणत बेरिलबाई आरशाकडे गेल्या आणि केस सारखे करून आल्या.

चहा झाला. आल्याचा केक झाला. होल्रॉइडने दुसरा तुकडाही घेतला. मग त्याने खिशातून फॉर्म काढला आणि जरा ओशाळून म्हणाला, “आता मला यादी करावी लागेल.”

तेव्हा कुठे बेरिलबाईंच्या हातातला चमचा थांबला.

पण त्या घाबरल्या नाहीत, कारण गेनरने बिस्किटांच्या डब्यात एकूण एक पावती जपून ठेवली होती. टीव्ही गेनरचा. सोफा गेनरचा. कपडे धुण्याचं मशीन गेनरचं, आणि ते सुद्धा हप्त्यांवर घेतलेलं. होल्रॉइड एकेक पावती पाहत मान हलवत होता आणि बेरिलबाईंना अंगात बळ येत होतं. मुलीच्या बाजूने भांडायला मिळालं की आईला कुठे थांबायचं ते कळत नाही.

“सगळं माझ्या मुलीचं आहे!” त्या म्हणाल्या. “एकेक वस्तू तिच्या कष्टाची. त्या नालायकाने या घरात काडीसुद्धा ठेवली नाही. ती घाणेरडी कबुतरं तेवढी टाकून गेला.”

होल्रॉइडची मान हलायची थांबली.

“कबुतरं?”

मागच्या अंगणातून, अगदी बोलावल्यासारखी, घूंऽ घूंऽ ऐकू आली.

हिरव्या रंगाची लाकडी ढाबळ, त्यात एकोणीस शर्यतीची कबुतरं. होल्रॉइडने एकाच्या पायातलं कडं बघितलं. कड्यावर नंबर होता, आणि नंबर कबुतरांच्या शर्यतीच्या क्लबच्या वहीत ज्याच्या नावावर असतो, त्याचं कबुतर. त्याने क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. सगळी कडी ग्लेन डकवर्थच्या नावावर. तो गेल्यानंतर अंड्यातून निघालेल्या पिल्लांचीसुद्धा, कारण वर्गणी त्याच्या नावाने चालू होती आणि गेनर तीन वर्षं ती त्याच्याच नावाने भरत आली होती. नाव बदलायला फॉर्म भरावा लागतो, तो दर वर्षी राहून जायचा.

होल्रॉइडने पेन टेकवलं, आणि पुन्हा उचललं. त्याने केक खाल्ला होता. त्याला बाईंची कीव आली.

“बाई, एक विचारतो. नीट विचार करून सांगा. घरात पाळलेला लाडका प्राणी असेल, तर मला नेता येत नाही. कायदा आहे तसा.” त्याने भुवया उंचावून वाट पाहिली. “ही तुमची लाडकी पाळीव कबुतरं आहेत का?”

कुणीही हो म्हटलं असतं. पण बेरिलबाईंना त्यात घराच्या स्वच्छतेवर ठपका दिसला.

“लाडकी?” त्या ताडकन म्हणाल्या. “आम्ही काय तसली माणसं वाटलो तुला? माझ्या धुतलेल्या चादरींवर घाण करतात मेली! एकाला सुद्धा घरात पाऊल टाकू दिलेलं नाही मी!”

होल्रॉइडने कॅमेऱ्याकडे खाली पाहिलं, उसासा टाकला आणि लिहिलं, ‘शर्यतीची कबुतरं, नग एकोणीस.’

दुपारी गेनर आली. ड्रायव्हरचा गणवेश अंगावर तसाच. तिने टेबलावरची यादी वाचली. ओरडली नाही. ओरडली असती तर बेरिलबाईंना बरं वाटलं असतं.

“केक पण दिलास?”

“एक तुकडा.”

“आई.”

“दोन.”

गेनर मागच्या दाराने अंगणात गेली आणि ढाबळीचं दार लावून आत बसून राहिली.

बेरिलबाई भांडी घासत राहिल्या. ती कबुतरं त्यांना कधी आवडली नव्हती, हे खरंच. पण ग्लेन गेला त्या वर्षी गेनर कामावरून यायची, जेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. बेचाळीस वर्षांची मुलगी, तिला उचलून मांडीवर घेता येत नाही, खेळायला पाठवता येत नाही. बेरिलबाई तिच्या ताटात बटाटे वाढत राहायच्या, कारण दुसरं काही सुचायचं नाही. आणि मग एका संध्याकाळी अशीच भांडी घासताना अंगणातून हसू ऐकू आलं. बेरिलबाईंनी नळ बंद केला होता, परत ऐकू यावं म्हणून. गेनर डब्यात मक्याचे दाणे खुळखुळवत होती आणि राखाडी रंगाची एक मादी, जिच्या पंखात एकच पांढरं पीस होतं, ती गेनरच्या डोक्यावर बसून तिच्या ड्रायव्हरच्या टोपीचं बटण ओढत होती. गेनर तिला ‘बाईसाहेब’ म्हणायची. त्या दिवसापासून बेरिलबाई चादरींबद्दल फक्त तोंडाने बोलायच्या. चादरी मात्र गुपचूप पुन्हा धुवायच्या.

आणि आता एका कप चहापायी बाईसाहेब जाणार होत्या.

बेरिलबाईंनी दुसऱ्याच दिवशी क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. नाव बदलायला ग्लेनची सही लागेल, तो म्हणाला, आणि यादी झाल्यावर तर त्याचाही उपयोग नाही. त्यांनी ग्लेनला फोन केला. फोन त्या कॅरॅव्हॅनवालीने उचलला आणि म्हणाली, तो भेटला तर मलाही कळवा.

बुधवारी होल्रॉइड व्हॅन घेऊन आला. गेनरने सुट्टी टाकली होती. एकेक कबुतर तिने स्वतःच्या हाताने शर्यतीच्या लांबट वेताच्या पेटीत ठेवलं, अठरा झाली. बाईसाहेबांना तिने वेगळ्या खोक्यात ठेवलं, खाली गवत घालून.

“ही आज-उद्या अंडं घालील,” ती होल्रॉइडकडे न बघता म्हणाली. “गर्दीत नका ठेवू. पुढच्या सीटवर ठेवा.”

“ठेवतो,” होल्रॉइड म्हणाला. त्याने खोक्याला सीटचा पट्टासुद्धा लावला. गेनर घरात निघून गेली.

बेरिलबाई मात्र फाटकापर्यंत गेल्या. पाहुणा निघाला की वाटेत काय खा, काय पी हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही, मग पाहुणे कबुतरं का असेनात.

“लांब जायचंय का, राजा?”

“लिंकनला. उद्या तिथे लिलाव आहे.”

“मग तासाभराने थांब आणि पाणी पाज त्यांना. थोडी हवा लागू दे. गुदमरतील बिचारी.”

“बरं झालं सांगितलंत,” होल्रॉइड म्हणाला आणि व्हॅन सुरू केली.

व्हॅन कोपऱ्यापर्यंत पोचली आणि बेरिलबाईंना त्या पेटीची दांडी आठवली. शर्यतीची पेटी साधी नसते. तिला एकच लांब दांडी असते, ती ओढली की समोरची अख्खी बाजू एकदम खाली पडते आणि सगळी कबुतरं एका दमात सुटून थेट घराकडे निघतात, त्यासाठीच ती बनवलेली असते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी ते इतकी वर्षं पाहिलं होतं. होल्रॉइडला काय माहीत? त्यांनी हाक मारायला हात वर केला. व्हॅनच्या आरशात होल्रॉइडला तो हात दिसला, त्यानेही काचेतून हात हलवला.

बेरिलबाईंचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो तसाच, सावकाश, टाटा करायला हलवला.

साडेतीनला पहिलं कबुतर आलं. छपरावर उतरलं आणि रोजच्यासारखं बेरिलबाईंच्या चादरींकडे पाहू लागलं. मग दोन आली. मग आभाळात एक काळा ठिपक्यांचा पुंजका चिमणीवरून वळला, आणि गेनर धावत बाहेर आली, पायात चपला नाहीत, हातात दाण्यांचा डबा. खुळ, खुळ, खुळ. ती आत घेत होती आणि मोजत होती. बेरिलबाई दारात उभ्या राहून तिच्या ओठांकडे बघत होत्या.

“अठरा,” गेनर म्हणाली. तिने आभाळाकडे पाहिलं. डबा आणखी थोडा वेळ खुळखुळवला. मग ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बेलिफच्या ऑफिसातून एका साहेबांचा फोन आला. आवाज कडक होता.

“मिसेस क्लेग, जप्त केलेला माल सोडवून घेणं हा गुन्हा आहे.”

“मी कुठे सोडवला? तुमच्याच माणसाने सोडला.”

“याला पुरावा काय?”

“अहो, त्याच्या छातीवर कॅमेरा आहे ना,” बेरिलबाई म्हणाल्या. “त्यात बघा की. मी पण आहे त्यात, सुरुवातीला, पण केस विस्कटलेले आहेत तिथे नका थांबू.”

पलीकडे साहेबांनी कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग कुणीतरी मागे हसल्याचं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

पण गेनर हसली नाही. ती कामावर गेली, आली, जेवली, आणि गुरुवारी, शुक्रवारी पुन्हा भिंतीकडे बघत बसली. बेरिलबाईंनी बटाटे वाढले. आणि मनाशी शपथ घेतली की आता साक्षात राजा दारात आला, तरी दार उघडणार नाही.

शनिवारी दुपारी दारावर तीन टकटक झाल्या. बाहेर पुन्हा तेच पडत होतं.

बेरिलबाईंनी फटीतून पाहिलं. तेच बूट.

“कोण आहे ते मला कळलंय,” त्या म्हणाल्या. “आणि तू आत येणार नाहीस.”

“बाई, मला आत यायचंच नाही,” होल्रॉइड म्हणाला. “मी कबुतर परत करायला आलोय. ती पुढच्या सीटवरची.”

बेरिलबाईंचा हात कडीकडे गेला. पण त्यांनी दाराला पाठ लावली.

“असं सांगूनच येतोस तू.”

“बाई, गेल्या वेळी तुम्हीच मला आत घेतलंत!”

“म्हणून तर! कागद आहे?”

फटीतून एक कागद आत आला. बेरिलबाईंचा चष्मा स्वयंपाकघरात होता. त्या सावकाश गेल्या, चष्मा आणला, कागद दोनदा वाचला. जप्त वस्तू ठेवण्याजोग्या व विकण्याजोग्या नाहीत, प्रकरण या पत्त्यावर बंद, असं त्यात लिहिलं होतं. बाहेर होल्रॉइड शिंकला.

“खरं दिसतंय,” त्या कुरकुरत म्हणाल्या. “मग सोड तिला. येईल ती उडत मागच्या अंगणात.”

“सुटत नाही ती. बुधवारी तिने माझ्या व्हॅनमध्ये अंडं घातलं. काल दुसरं घातलं. खोक्यातून उठायलाच तयार नाही. बायकोने बॉयलरजवळ ठेवली होती. तीन दिवस आमच्या घरात माझ्यापेक्षा तिलाच विचारतात.” तो परत शिंकला. “बाई, नुसतं दार उघडा, खोकं आत सरकवतो.”

“दार नाही.”

“मग काय करू? पत्रासारखी फटीतून टाकू?”

बेरिलबाईंनी कागद वाचला. दारावरचा तो कागद सगळा दाराबद्दलच होता. खिडकीबद्दल गेनरने काही लिहिलं नव्हतं, आणि सल्ला केंद्रातल्या बाईंनी तर फक्त खिडकीतून चढायची मनाई आहे, असं सांगितलं होतं.

“बैठकीच्या खिडकीपाशी ये,” त्या म्हणाल्या. “पण हात कोपरापर्यंतच आत घालायचा. पुढे आला तर काच लावीन.”

खिडकी जुनी, टीचभरच वर सरकायची. खोकं जाईना. तेव्हा होल्रॉइडने आधी बाईसाहेबांना दिलं, बेरिलबाईंनी चहाच्या फडक्यात गुंडाळून घेतलं. बाईसाहेबांनी त्यांच्या अंगठ्याला चोचलं. मग एक अंडं आलं. मग दुसरं. होल्रॉइडच्या मोठ्या लाल तळहातावर ते पेपरमिंटच्या गोळीएवढं दिसत होतं, आणि गरम होतं. बेरिलबाईंनी ती दोन्ही अंडी ब्लाउजच्या आत, छातीशी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कबुतर आलं होतं, आणि ते सोफ्यावर बसलं होतं.

थोड्या वेळाने गेनर गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरली आणि थबकली. दार बंद होतं. पावसात खिडकीच्या कठड्याला टेकून बेलिफ उभा होता आणि गुलाबी फुलांच्या कपातून चहा पीत होता. शीलाचा पडदा तर पूर्णच उघडा होता. खिडकीच्या फटीतून बेरिलबाईंचा हात बाहेर आला, त्यात केक होता.

“दार उघडलं नाही हं मी!” बेरिलबाई आतून ओरडल्या. “विचार याला!”

“नाही उघडलं,” होल्रॉइडने भरल्या तोंडाने साक्ष दिली.

गेनरने किल्लीने दार उघडलं. सोफ्यावर फडक्याच्या घरट्यात बाईसाहेब बसल्या होत्या, आणि खाली आईच्या अंगाच्या उबेतून नुकतीच काढून ठेवलेली दोन अंडी. गेनर गुडघ्यावर बसली. बाईसाहेब उठल्या नाहीत, फक्त मान लांब करून तिच्या गणवेशाचं बटण ओढलं.

मग बेरिलबाईंनी ते हसू ऐकलं. या वेळी बंद करायला नळ नव्हता. त्यांनी केकची बशी तेवढी हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

जरा वेळाने गेनर डोळे पुसत दारात आली. “मिस्टर होल्रॉइड, आत या. भिजताय तुम्ही. मी सांगतेय.”

होल्रॉइडने आत, सोफ्याकडे पाहिलं. मग डोकं हलवलं.

“नको, बाई. मी ड्युटीवर आहे. प्रकरण बंद झालं तरी आत आलो की जे दिसेल ते मला लिहावं लागतं.” त्याने रिकामा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला, आणि दोन बोटांनी जरा आत सरकवला. “इथे आणखी अर्धा कप चालेल.”